टोकियोचा पैलवान

टोकियोला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या स्टाफरूममधली मंडळी दोनच प्रश्न विचारतात. फुजीचा डोंगर दिसला का, आणि बुलेट ट्रेनमध्ये बसलात का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेच आहे. पण फुजी मला ढगांच्या फटीतून जेमतेम पाच मिनिटे दिसला आणि बुलेट ट्रेनमध्ये मी चक्क झोपलो. खरे म्हणजे टोकियोत मी मनापासून जे पाहिले ते एका पैलवानाचे थडगे. एवढे बोललो की मंडळी आपापल्या चहाच्या कपात डोकावू लागतात आणि विषय पेपर तपासणीकडे वळतो.

त्यांना तरी दोष कसा देणार? त्यांनी आप्पांना पाहिलेले नाही.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचे गाव पन्हाळ्याच्या पायथ्याशी. तिथून ते लहानपणीच कोल्हापूरच्या तालमीत येऊन पडले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात, हलगी कडाडत असताना त्यांनी कुस्त्या केल्या. फार मोठे नाव झाले नाही, पण पंचक्रोशीत 'पैलवान' म्हटले की आप्पाच. मी पाहिले तेव्हा त्यांचे कान मोडून भज्यासारखे झालेले होते आणि गुडघे बोलत होते. संध्याकाळी बाजेवर बसून ते आम्हां पोरांना कुस्तीच्या गोष्टी सांगत. त्यातली एक मुंबईची असे. १९६० च्या आसपास कुणीतरी त्यांना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर किंगकाँगची फ्री-स्टाईल कुस्ती दाखवायला नेले होते. हा किंगकाँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला अवाढव्य मल्ल. दारासिंगाशी त्याच्या झालेल्या लढती जुन्या पिढीला आजही आठवतील. आप्पांचा अभिप्राय ठरलेला होता.

"ही कुस्ती न्हवं रं, ह्यो सोंगाचा खेळ. पर गडी मातूर डोंगरागत. ह्या डोंगराला जपानात एकानं निस्त्या पंज्यानं हाणून पाडलाय म्हणं!"

तो 'एक' कोण, हे आप्पांना ठाऊक नव्हते. पुढे पुस्तके चाळता चाळता मला तो सापडला. त्याचे नाव रिकिदोझान. १९५५ च्या नोव्हेंबरात टोकियोच्या कुरामाए सभागृहात त्याने किंगकाँगला हरवून आशियाचे अजिंक्यपद मिळवले होते. नाव सापडले तेव्हा आप्पा जाऊन तीन वर्षे झाली होती. सांगायला कोणी उरले नव्हते. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात घर करून बसला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या भावाने तिकीट पाठवले. तो टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. या भागाला परदेश म्हणणे मोठे धाडसाचे आहे. वाण्याच्या दुकानात तूरडाळ मिळते, बागेत घसरगुंडीपाशी पोरे मराठीत भांडतात, आणि या एदोगावा प्रभागाच्या नगरसभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडूनही आले होते. पहिले चार दिवस भावजयीने मला देवळे, बागा आणि दुकाने दाखवली. पाचव्या दिवशी मी हळूच कागद काढला.

"दादा, शिंबाशी? तिथे काय आहे बघण्यासारखं?" भाऊ म्हणाला. "तिथे आमच्या ऑफिसातली माणसं संध्याकाळी बिअर प्यायला जातात."

"तिथे एक चौक आहे," मी म्हणालो.

चौक आहे खराच. स्टेशनच्या बाहेर एक जुने काळे वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे आणि काळ्या सुटातले नोकरदार एकमेकांच्या वाटा पाहत उभे असतात. १९५४ च्या फेब्रुवारीत इथे उभे राहायला जागा नव्हती. जपानमध्ये टेलिव्हिजन सुरू होऊन वर्षच झाले होते आणि सामान्य माणसाने वर्षभराचा पगार ओतला तरी संच घरी येत नसे. तेव्हा मात्सुतारो शोरिकी या वृत्तपत्राच्या मालकाने एक युक्ती काढली. आपल्या नव्या टेलिव्हिजन कंपनीचे संच त्याने चौकाचौकांत उंचावर बसवले. जाहिराती बघायला माणसे लागतात, आणि माणसे घरात नसतील तर रस्त्यावर गाठावीत, असा साधा हिशेब. १९ फेब्रुवारीच्या रात्री या चौकात हजारो लोक मान वर करून उभे होते. पोरे बापांच्या खांद्यांवर होती. इवल्याशा पडद्यावर रिकिदोझान आणि त्याचा जोडीदार, ज्यूदोचा बादशहा मासाहिको किमुरा, शार्प बंधू नावाच्या दोन धिप्पाड गोऱ्यांशी लढत होते. रिकिदोझानने तळहाताच्या कडेने गोऱ्याच्या छातीवर सपकन फटका मारला की चौक गर्जून उठे.

हे समजायला त्या वेळचा जपान डोळ्यांपुढे आणला पाहिजे. युद्ध हरलेले, शहरे जळालेली. अमेरिकेचा लष्करी अंमल संपून दोन वर्षेसुद्धा झाली नव्हती. सात वर्षे गोऱ्या शिपायांपुढे मान खाली घालून चाललेल्या माणसांना पडद्यावर एक आपला गडी गोऱ्याला लोळवताना दिसत होता. ती कुस्ती खरी की सोंगाची, हा आप्पांचा प्रश्न त्या चौकात विचारण्याची कुणाची छाती झाली असती?

आणि आता यातली मौज पाहा. लोक ज्यांना अमेरिकन समजून शिव्या घालत होते ते शार्प बंधू मूळचे कॅनडाचे. आणि ज्याला जपानचा वाघ म्हणून डोक्यावर घेतले तो रिकिदोझान जपानी नव्हताच. तो कोरियन होता.

१९२४ साली, आज जो उत्तर कोरिया आहे त्या भागात त्याचा जन्म झाला. जन्मनाव किम सिन-राक. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. गावच्या कुस्तीत चमकलेल्या या पोराला कुणा जपान्याने हेरले आणि १९४० साली तो टोकियोच्या सुमो आखाड्यात उतरला. सुमोतला आखाडा म्हणजे आपल्या तालमीसारखाच. धाकट्याने थोरल्याचे अंग रगडायचे, स्वयंपाक करायचा, मार खायचा. त्यात हा कोरियन. काय काय ऐकून घेतले असेल त्याचे त्यालाच ठाऊक. तरी १९४९ पर्यंत तो 'सेकिवाके' या पदाला पोचला. वरून तिसरी पायरी. तिथून वर ओझेकी आणि मग योकोझुना. आणि तिथेच, १९५० च्या शरदात, गुरूशी पैशावरून बिनसले आणि त्याने घरी स्वतःच्या हाताने आपली शेंडी कापून टाकली. सुमो मल्लाची शेंडी समारंभाने, दरबार भरवून उतरवतात. याने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, असे सांगतात.

मला या माणसाच्या सगळ्या आयुष्यात हा क्षण फार मोठा वाटतो. वय पंचवीस. अंगात एकच विद्या, आणि तिचे दार आपणच लावून घेतलेले. आप्पांच्या आयुष्यातही हा क्षण आला होता, फक्त त्यांना शेंडी नव्हती. गुडघा गेला आणि वस्तादांनी सांगितले, आता पुरे. मग आप्पांनी काय केले? शहरात दुधाचे दुकान टाकले. कल्पना वाईट नव्हती. पण तालमीतली पोरे येत, शेर-शेर दूध उभ्या उभ्या घशाखाली घालत आणि म्हणत, "आप्पा, मांडून ठेवा." आप्पांना मांडता येत होते, मागता येत नव्हते. खुराकाचे पैसे मागायचे म्हणजे त्यांना पाप वाटे. आठ महिन्यांत दुकान बसले. मग एका साखर कारखान्याच्या फाटकावर खाकी कपडे घालून ते पंचवीस वर्षे उभे राहिले. उसाच्या गाड्यांवरची पोरे ओरडत, "ओ पैलवान, फाटक उघडा!" त्या हाकेत मान किती आणि चेष्टा किती, हे मला तेव्हा कळत नव्हते.

रिकिदोझान मात्र एका बांधकाम कंपनीत गेला. शिन्साकु नित्ता या बड्या कंत्राटदाराने त्याला सामानसुमानाच्या खात्याचा प्रमुख केले. शेंडी कापलेला मल्ल सूट घालून सिमेंट-लोखंडाचे हिशेब पाहू लागला. अमेरिकन लष्कराची बांधकामे चालू होती, पैसा वाहत होता. कंत्राट कसे मिळते, कुणाला जेवायला न्यायचे, कुणापुढे वाकायचे आणि कुणापुढे नाही, हे त्याने इथे पाहिले असणार. मला वाटते, त्याचे खरे कॉलेज हे. १९५१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन पैलवानांची एक तुकडी टोकियोत आली, तेव्हा हा बॉबी ब्रन्स नावाच्या मल्लाशी दहा मिनिटे बरोबरीत झुंजला आणि ओळखून चुकला की या खेळात कुस्तीपेक्षा तिकीटविक्री मोठी आहे. १९५२ साली तो हवाईला शिकायला गेला.

त्याच १९५२ साली आपले खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले होते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे त्यांनी पोलिसखात्यात नोकरी केली. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ साली ते अपघातात गेले. प्राध्यापकाने पैलवानासाठी घर गहाण टाकावे, ही गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये मी अधूनमधून सांगत असतो. ऐकणारे हसतात.

१९५३ साली परतल्यावर रिकिदोझानने जपानची व्यावसायिक कुस्ती संघटना उभी केली. पैलवान तोच, धनीही तोच. १९५४ च्या डिसेंबरात त्याची खुद्द किमुराशी लढत झाली. हा किमुरा साधा गडी नव्हे, १९५१ साली ब्राझीलला जाऊन एलिओ ग्रेसीला नमवून आलेला. किमुराने पुढे सांगितले की लढत बरोबरीत सोडवायची असे दोघांचे ठरले होते. प्रत्यक्षात रिकिदोझान मध्येच खवळला आणि खऱ्याखुऱ्या फटक्यांनी त्याने किमुराला बेशुद्ध पाडले. किमुराने ही गोष्ट शेवटपर्यंत विसरली नाही. खेळ सोंगाचा असेल, पण शब्द तरी खरा हवा की नाही? इथे मात्र मी आप्पांच्या बाजूचा. आप्पांनी हे ऐकले असते तर ते थुंकले असते.

ही कुस्ती झाली ते कुरामाएचे सभागृह मी शोधत गेलो. ते आता नाही. सुमोवाल्यांनी १९८५ साली नदीपलीकडे नवे सभागृह बांधले आणि जुन्या जागेवर सांडपाणी खात्याची कचेरी आहे. तिथे गटारांची माहिती देणारे एक छोटे संग्रहालयही आहे. भाऊ म्हणाला, "दादा, आता हेपण बघायचं का?"

पैसा आला आणि रिकिदोझानने तो पुरून ठेवला नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या लू थेझशी त्याची लढत तासभर चालून बरोबरीत सुटली, तेव्हा देशातल्या दर शंभर टेलिव्हिजन संचांपैकी सत्त्याऐंशी त्याच्यावर लागलेले होते. पुढे मित्सुबिशीसारखी कंपनी शुक्रवारच्या रात्रीच्या कार्यक्रमामागे उभी राहिली. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात मित्सुबिशीचे केर ओढण्याचे यंत्र घेऊन रिंगण झाडले जाई, आणि तीच जाहिरात! आपल्याकडे माती उकरून लिंबू-हळद टाकतात. इथे घराघरांतल्या बायका ते यंत्र पाहत. आकासाका या श्रीमंत भागात त्याने आपल्या नावाच्या राहत्या इमारती उठवल्या, नाइट क्लब काढला. १९६१ साली शिबुयात 'रिकि स्पोर्ट्स पॅलेस' उभा राहिला. आत कुस्तीचे सभागृह, व्यायामशाळा, बोलिंग, वाफेचे स्नान, उपाहारगृह. सागामी सरोवराकाठी गोल्फचे मैदान बांधायला घेतले. हातात सिगार, दारात परदेशी मोटार. कोरियातून आलेले ते पोर आता 'शाचो' झाले होते, म्हणजे आपल्या भाषेत मालकसाहेब.

शाचो मालकासारखाच वागे. शिष्यांना तो बडवी. १९६० साली त्याने दोन पोरे उचलली. एक बेसबॉल सोडलेला ताडमाड बाबा, दुसरा ब्राझीलच्या जपानी वस्तीतून आणलेला सतरा वर्षांचा इनोकी. दोघांनी एकाच दिवशी पहिली कुस्ती केली. बाबाला त्याने अमेरिकेला धाडले आणि इनोकीला आपल्या चपला उचलायला ठेवले. दोघांनीही १९७२ साली आपापल्या वेगळ्या कंपन्या काढल्या. बाबा सावध, शब्दाचा पक्का. इनोकी वादळ. १९७६ साली महंमद अलीशी तो लढला, १९८९ साली खासदार झाला, आणि मध्यंतरी ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडापासून पशुखाद्य करण्याच्या धंद्यात त्याने अतोनात पैसा बुडवला. चिपाडाचे नाव वाचले तेव्हा मी आमच्या कारखान्याच्या फाटकाची आठवण होऊन एकटाच हसलो. त्याच्या कंपनीचा अध्यक्ष म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक पैलवानच बसला, हिरोशी तनाहाशी. आखाड्यातून गादीवर जाण्याची ती वाट रिकिदोझानने पाडली.

पण एक गोष्ट शाचोला विकतही घेता आली नाही आणि टाकूनही देता आली नाही. कागदोपत्री तो नागासाकीकडच्या ओमुरा गावचा मित्सुहिरो मोमोता होता. लहान मुलांच्या पुस्तकांतसुद्धा तसेच छापलेले. जपानचा वीर कोरियन आहे हे कळले तर चौक रिकामे होतील, ही भीती धंद्याची होती आणि मनाचीही. जवळच्या मोजक्यांना ठाऊक होते. १९६३ च्या जानेवारीत तो दक्षिण कोरियाला जाऊन आला. त्या देशाशी जपानचे राजनैतिक संबंधसुद्धा अजून जुळायचे होते. घर मात्र उत्तरेला, सीमेपलीकडे. तिथे त्याची मुलगी होती. परतल्यावर पुन्हा तोंडाला कुलूप.

त्याच वर्षी जूनमध्ये थाटात लग्न झाले. ८ डिसेंबरच्या रात्री आकासाकातल्या 'न्यू लॅटिन क्वार्टर' या क्लबात, मुताऱ्यांपाशी, पाय पडला की नाही यावरून एका गुंडाशी बाचाबाची झाली आणि त्याने रिकिदोझानच्या पोटात सुरा खुपसला. जखम मोठी वाटली नाही. शस्त्रक्रिया झाली, पण आतडी सुजली, आणि १५ डिसेंबरला तो गेला. वय एकोणचाळीस. गोल्फचे मैदान अर्धे राहिले, कर्जे पुरी राहिली. तो क्लब ज्या हॉटेलच्या तळघरात होता ते १९८२ साली जळाले. तिथे आज काचेचा मनोरा आहे आणि खाली माणसे कॉफी पितात. आम्हीही प्यायलो. फार महाग होती.

शेवटच्या रविवारी आम्ही इकेगामीला गेलो. निहोम्बाशीला गाडी बदलून निशी-मागोमे या शेवटच्या स्टेशनावर उतरायचे आणि दहा-बारा मिनिटे चालायचे. होनमोनजी हे निचिरेन पंथाचे मोठे देवस्थान. निचिरेनने १२८२ साली इथेच देह ठेवला. टेकडीवर चढायला शहाण्णव दगडी पायऱ्या आहेत. मी दोनदा थांबलो. भाऊ सरळ वर गेला. वरती १६०८ चा पाच मजली लाकडी मनोरा उभा आहे. १९४५ च्या बाँबफेकीत सगळे जळाले तरी हा वाचला. त्याच्या जवळच स्मशान. रिकिदोझानकडे जायची पाटीच लावलेली आहे, चुकायला होत नाही.

थडग्यापाशी त्याचा छातीपर्यंतचा ब्राँझचा पुतळा आहे. हाताची घडी घातलेला. आप्पांचा जाकीट घालून काढलेला एक फोटो आमच्या माजघरात आहे, त्यात त्यांनी अशीच घडी घातली आहे. पैलवानांना फोटोच्या वेळी हातांचे काय करावे ते कळत नसावे.

एक म्हातारे गृहस्थ लाकडी पळीने दगडावर पाणी घालत होते. आम्हांला पाहून त्यांनी मान लववली आणि भावाला विचारले, कुठले? भावाने इंडिया सांगताच त्यांचे डोळे एकदम चमकले.

"तायगा जेत्तो शिन!" ते ओरडले आणि पळी तलवारीसारखी फिरवली.

हे टायगर जीत सिंग. पंजाबातून कॅनडाला गेलेला, फेटा आणि तलवार घेऊन इनोकीवर धावून जाणारा खलनायक. जपानच्या एका पिढीला भारत म्हटले की बुद्धानंतर हाच आठवतो! मी किंगकाँगचे नाव घेतले. त्यांनी दोन्ही हात पसरून त्याचा घेर दाखवला. मग भावाच्या मदतीने बोलणे सुरू झाले. ते सहा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून शिंबाशीला नेले होते. वडील युद्धावरून आलेले, घरात फारसे बोलत नसत. त्या रात्री वडील ओरडत होते. वडिलांना ओरडताना पाहिले ते तेवढेच, असे ते म्हणाले.

मला राहवले नाही. "तो कोरियन होता हे वडिलांना ठाऊक होतं का, विचार," मी म्हणालो. भावाने 'दादा, असं विचारतात का' अशा नजरेने पाहिले, पण विचारले.

म्हातारबुवा थोडा वेळ पाणी घालत राहिले.

"वडिलांना नाही कळलं. ते आधी गेले. मला कळलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो." मग पुतळ्याकडे बघून ते आणखी काहीतरी बोलले आणि हसले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, यानं आम्हांला सांगायला हवं होतं. आणि म्हणतात, सांगितलं असतं तर आम्ही आलो नसतो."

त्यांनी पळी माझ्या हातात दिली. मी दोन पळ्या पाणी घातले. एक आप्पांच्या नावाने घालावी असे मनात आले होते, पण आप्पांना सोंगाची कुस्ती चालत नसे, म्हणून दोन्ही रिकिदोझानलाच घातल्या. उतरताना पायऱ्यांवर गुडघा कुरकुरू लागला. खाली भाऊ रसाच्या दुकानासारखे काही दिसते का ते पाहत होता.